इंजेक्शनचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी परत करा

खानापूरहून एका वाचकाचं पत्र आलंय. आई 69 वर्षांच्या, उजव्या डोळ्याला वेट एएमडी, म्हणजे वयामुळं पडद्यामागं नको त्या रक्तवाहिन्या वाढून पाणी साठतं ते. मागच्या वर्षी डोळ्यात प्रत्येकी 18 हजारांची 10 इंजेक्शनं झाली तरी ओसीटीत, म्हणजे पडद्याच्या स्कॅनमध्ये, पाणी आहेच, म्हणून डॉक्टर 45 हजारांचं नवीन म्हणतायत. वर्षाला चारच लागतील, खर्च तेवढाच, मग एफडी मोडू का, असं विचारतात.

चार कुठनं आणलं ओ? नवीन औषधाची पहिली काही महिन्याच्या महिन्यालाच देतात, अंतर नंतर वाढवत नेतात, आणि कुणाचं वाढतं कुणाचं नाही. सात धरा. 3.15 लाख, आत्ताच्या 1.8 लाखापेक्षा 1.35 लाख जास्त. आणि नजर पहिल्यासारखी होईल ही आशा सोडा, आहे ती टिकली तरी खूप झालं. बदलायचं की नाही ते डॉक्टरच ठरवतील.

पण पत्राच्या शेवटी जे सहज लिहून टाकलंय ते वाचून मला घामच फुटला. बँकेतल्या माणसानं एफडीसारखीच स्कीम म्हणून नातवाच्या नावावर पॉलिसी गळ्यात मारली, वर्षाला 2 लाख, 10 वर्षं. आईंची पेन्शन 28 हजार, त्यातले महिन्याला 16-17 हजार तिकडंच! दाराची चौकट वाकडी दिसते म्हणणाऱ्या बाईंना बोट ठेवून दाखवलं तिथं तिथं सह्या करायला लावल्या, आणि मिळणार किती, तर असल्या पॉलिसीत जेमतेम 5-6 टक्के. वर पैसे कमी पडले म्हणून 8 वर्षं जुना मेडिक्लेम भरलाच नाही, कारण काय तर ॲडमिट होत नाही म्हणजे इंजेक्शनचे पैसे मिळत नाहीत असं कुणीतरी सांगितलं.

कुणी सांगितलं? डोळ्यातल्या इंजेक्शनचं नाव आयआरडीएआयच्या, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाच्या, 2019 च्या यादीत आहे, कंपनीला ते सरसकट वगळता येत नाही. मर्यादा असू शकते, ती लेखी विचारून घ्या. दुखणं पॉलिसीनंतरचं आहे, म्हणजे 10 क्लेम तुम्ही टाकलेच नाहीत.

मेडिक्लेमची तारीख जाऊन 21 दिवस झालेत, ग्रेस, म्हणजे उशिरा भरायची सवलत, 30 दिवसांची. 42 हजार उद्याच भरा, आणि भरल्यावरच पुढचं इंजेक्शन, मधल्या दिवसांचा क्लेम बसत नाही. बँकवाली पॉलिसी हातात येऊन 12 दिवस झालेत, फ्री-लूकचेही, म्हणजे नको असेल तर पॉलिसी परत करायचे, 30 दिवस मिळतात, स्टँप ड्युटी वगैरे किरकोळ कापून बाकी पैसे परत येतात. अर्ज लेखी द्या, तोंडी काही नको. मॅनेजर बसवून घेतील, चहा सांगतील. चहा घ्या, पण पोचेवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नका.