‘लेफ्ट सर्व्हिस’ म्हणजे कोणी सोडली?

प्रश्न : अंधेरीच्या एमआयडीसीत एका पॅकिंग कारखान्यात सहा वर्षं होते, पगार १६,०००. १० ऑक्टोबरला सुपरवायझर म्हणाले, ‘काम नाही, उद्यापासून येऊ नका.’ बेकारीच्या भत्त्यासाठी ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा) अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत अर्ज केला, तर दोन पानी इंग्रजी पत्र आलं. त्यात ६१ दिवस आणि ‘लेफ्ट सर्व्हिस’ असं आहे. अर्ज फेटाळला का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : ताई, तुम्ही पाठवलेले दोन्ही फोटो वाचले. पहिल्या पानाच्या तळाशी ‘पंधरा दिवसांत खुलासा करावा’ असं लिहिलंय. फेटाळायचाच असता तर खुलासा कशाला मागितला असता? फक्त दिवस पत्रावरच्या तारखेपासून मोजा, पोस्टमननं पत्र दिलं तेव्हापासून नको.

खरी गोम दुसऱ्या पानावरच्या तक्त्यात आहे. ईएसआयचा हिशेब सहामाहीचा: एप्रिल ते सप्टेंबर, ऑक्टोबर ते मार्च. नोकरी जाण्याच्या लगत आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते आणि त्याआधीच्या तीनपैकी एकीत तेवढीच. जुन्या सहामाह्या तुमच्या भरलेल्या आहेत. या वेळी मात्र एप्रिलचे ३० आणि मेचे ३१, झाले ६१. जूनपासून शून्य. शून्य दाखवलं की कंपनीला कारण निवडावं लागतं. तिनं ‘लेफ्ट सर्व्हिस’, म्हणजे ‘स्वतः नोकरी सोडली’, हे निवडलं आणि शेवटचा दिवस टाकला ३१ मे. त्याच यादीत ‘रिट्रेंचमेंट’, म्हणजे कामगारकपात, हाही पर्याय असतो.

आता तुमच्या जून ते सप्टेंबरच्या पगारपावत्या बघा. चारहीवर ईएसआयचे १२० रुपये कापलेत. १६,०००चा पाऊण टक्का, चोख. मेमध्ये सोडून गेलेल्या बाईच्या पगारातून कंपनी सप्टेंबरपर्यंत पैसे कापत होती! कागदाला कागद असा भिडला की वकिलाचं निम्मं काम होतं.

खुलाशात हेच लिहा, साध्या मराठीत. पगारपावत्या, पगार जमा झालेलं बँक पासबुक आणि पीएफचं पासबुक जोडा. पीएफ सप्टेंबरपर्यंत भरला असेल तर ३१ मेची गोष्ट तिथेच संपते. मालकानं वर्गणी भरली नाही म्हणून कामगाराचा लाभ बुडत असेल, तर खात्री करून ईएसआय महामंडळ तो देऊ शकतं आणि पैसे मालकाकडून वसूल करतं, अशी कायद्यातच तरतूद आहे. ‘सामाजिक सुरक्षा अधिकाऱ्यांमार्फत कंपनीचं हजेरीपुस्तक तपासावं’ ही मागणीही घाला. कापलेली वर्गणी न भरणं हा न्यासभंगाचा, म्हणजे विश्वासानं सोपवलेले पैसे गिळण्याचा, गुन्हा आहे. पण पोलिसांचं आत्ता मनात आणू नका, आधी भत्ता पदरात पडू दे.

तो किती? सरासरी रोजंदारीच्या निम्मा, आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त ९० दिवस. तुमच्या पगारावर साडेतेवीस हजारांच्या आसपास.

एक आठवून बघा: शेवटच्या दिवशी कशावर सही घेतली होती का? राजीनामा असेल तर लपवू नका, कुणी आणि कसा लिहून घेतला ते खुलाशातच सांगा. स्वेच्छानिवृत्तीला ही योजना नाही, आणि कंपनी नेमका तोच कागद पुढे करेल.

ईएसआयच्या शाखा कार्यालयात खुलाशाच्या दोन प्रती न्या, दुसरीवर आवक शिक्का मारून घ्या. आणि कंपनीतून फोन आला की ‘एक सही करा, हिशेब लगेच देतो’, तर सहीआधी त्या कागदाचा फोटो मला पाठवा.