वाचकांचे प्रश्न : पाथरी कडू का होते?

प्रश्न : आमच्या ओलिताच्या वावरात गहू-हरभऱ्यात पाथरी भरपूर उगवते. पण भाजी कधी छान होते, कधी कडूजहर. शिवाय लहान गाजरगवतही तसंच जमिनीला चिकटलेलं असतं. ओळखायची कशी?
– एक वाचक, जि. अमरावती

उत्तर : आधी ओळख, कारण चूक झाली तर ती तिथेच होते. पाथरी नि गाजरगवत दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातली. कोवळेपणी दोघांची पानं जमिनीवर गोल पसरतात. पान देठाशी तोडून पाहा. पाथरीतून लगेच पांढरा चीक येतो, गाजरगवतातून येत नाही. पाथरीचं पान गुळगुळीत, कडेला बारीक पांढुरके दाते. गाजरगवताचं लवदार नि बारीक कातरलेलं. फक्त चिकावर मात्र विसंबू नका, दुधी नावाच्या तणालाही चीक असतो. पण दुधीची पानं दांडीवर समोरासमोर जोडीनं येतात. फूल दिसलं तर शंकाच उरत नाही : पाथरीचं पिवळं, गाजरगवताची बारीक पांढरी.

कडूपणा मुख्यतः त्या चिकाचा. मधून दांडा निघून कळी धरली की पानं निबर नि कडू होतात, म्हणून दांडा यायच्या आधीच खुडा. विळ्यानं मानेशी कापा, उपटू नका. मूळ राहिलं की पुन्हा फुटते.

पाव किलो पाथरीला अर्धी वाटी मुगाची डाळ, अर्धा तास भिजवलेली. पानं सुटी करून तीन पाण्यांतून काढा, काळी माती बुडख्यातच अडकलेली असते. मग चिरा. दोन चमचे तेलात ठेचलेला लसूण नि हिरवी मिरची, त्यावर डाळ. ती बोटानं दबेल इतकी शिजली की भाजी टाका. मीठ शेवटी, कारण भाजी बसल्यावरच तिचा अंदाज येतो. पानं थोडी जून असतील तर आधी उकळत्या पाण्यात दोन मिनिटं बुडवून पिळून घ्या. गूळ टाकण्यात अर्थ नाही, भाजी गोडही लागते नि कडूही. अगदी कोवळी असेल तर शिजवूच नका : कांदा, तिखट, मीठ, वरून कच्चं जवसाचं तेल. बेसन-भाकरीसोबत याहून चांगलं तोंडी लावणं नाही.

गव्हात रुंद पानांच्या तणासाठी टू-फोर-डी हे तणनाशक फवारलं असेल, तर त्या वावरातली पाथरी घेऊ नका. पानं पिळवटायला वेळ लागतो, तोवर ती चांगलीच दिसतात. आणि औषध पानात मुरलेलं असल्यानं धुऊन जात नाही. दुसऱ्याच्या वावरातली खुडण्याआधी फवारणी कधी झाली ते विचारा. धुऱ्यावरचीही, म्हणजे बांधावरचीही तशीच, तिथंही तणनाशक मारतात.