सिनेमावरच्या पिनबॉल मशीनमध्ये चित्रांपलीकडे काही वेगळं असतं का?

तुम्ही विचारलंय की अशा मशीनवर फक्त चित्रं आणि संगीत बदलतात, की आतली रचनाही वेगळी असते. चांगल्या मशीनची रचनाच वेगळी असते. सिनेमात जे घडतं ते तिथे गोळीच्या बाबतीत घडतं.

मूळ खेळ आपल्या ओळखीचा आहे. पंचवटीत आजोळी सुट्टीला गेलो की आम्ही लाकडी बॅगाटेलवर खिळ्यांमधून गोळ्या सोडायचो. पिनबॉल त्यातूनच आलं. 1947 साली गॉटलीब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’वर विजेचे फ्लिपर, म्हणजे बटण दाबलं की गोळीला फटका मारणाऱ्या छोट्या दांड्या आल्या आणि खाली येणारी गोळी परत वर मारता येऊ लागली. म्हणजे नशिबाच्या जोडीला नेम आला, आणि नेम धरायचा तर समोर काहीतरी हवंच. सिनेमा शिरतो तो तिथे.

माझ्या मते याचा सर्वोत्तम नमुना म्हणजे 1992 चं ‘द ॲडम्स फॅमिली’. पॅट लॉलर आणि लॅरी डीमार यांची रचना, 20 हजारांहून जास्त मशीन विकली गेली. सिनेमात नुसता चालता-फिरता हात हे एक पात्र आहे. मशीनमध्ये तोच हात डब्यातून बाहेर येतो, बोटांतल्या चुंबकाने गोळी उचलतो आणि डब्यात परत जातो. मधोमध पुस्तकांचं कपाट आहे. त्यावर पुरेसे फटके बसले की ते फिरतं आणि मागची तिजोरी उघडते. टेबलाखाली चुंबक आहेत. ते चालू झाले की सरळ येणारी गोळी मध्येच भरकटते. भुताटकीचं घर याहून चांगलं कसं दाखवणार!

त्याच्या आदल्या वर्षीचं ‘टर्मिनेटर 2’ स्टीव्ह रिचीचं. त्यात गोळी सोडायला ओढायची दांडी नाही, पिस्तुलाची मूठ आहे. मध्येच एक तोफ टेबलावर फिरत येते, आणि नेमक्या क्षणी घोडा तुम्ही दाबायचा.

पण हे सगळं दोन फ्लिपरच्या जिवावर. माझं अंबडला मोटार रिवाइंडिंगचं काम आहे. गंगापूर रोडच्या एका गृहस्थांनी हौसेने घेतलेलं जुनं मशीन माझ्याकडे आलं, तेही सिनेमावरचंच. डावा फ्लिपर मरगळलेला. त्याला हलवणारी कॉइल, म्हणजे तारेची गुंडाळी, सोडवली तर वार्निश जळल्याचा वास आणि वेढे एकमेकांना चिकटलेले. या कॉइलमध्ये दोन वाइंडिंग असतात: जाड तारेचं फटका मारायला, बारीक तारेचं फ्लिपर वर धरून ठेवायला. फ्लिपर वर पोचला की एक छोटा स्विच उघडतो आणि जाड वाइंडिंग बंद होतं. त्या स्विचची पत्ती वाकून पॉइंट चिकटून बसले होते. जाड वाइंडिंग बंदच होईना, म्हणून कॉइल भाजली. वेढे मोजून, त्याच जाडीची तार भरून दिली आणि पत्ती सरळ केली.

गोळी 80 ग्रॅमची, टेबलाचा उतार साधारण 6.5 अंश. डाव्या फ्लिपरमध्ये दम नसल्याने उजवीकडचा चढ तिला कधी चढताच आला नव्हता, आणि कथेचा पुढचा भाग तो चढ पार केल्यावरच सुरू होतो. दुरुस्तीनंतर त्यांच्या मुलीने तिसऱ्याच फटक्यात गोळी वर घातली. दिवे बदलले, वेगळाच आवाज आला, पडद्यावर नवा प्रसंग सुरू झाला. मशीन घरात येऊन दोन वर्षं झाली होती, आणि तो प्रसंग ते सगळे पहिल्यांदाच बघत होते.