प्रत्यक्ष, परोक्ष आणि रस्त्यावर बसलेला शाकटायन

प्रश्न असा आहे : ‘प्रत्यक्ष अनुभव’ या शब्दप्रयोगात द्विरुक्ती होते का, कारण अनुभव प्रत्यक्षच असतो, आणि अशा अनुभवात विचाराचा काही वाटा असतो, की विचार सुरू झाला म्हणजे अनुभव संपतो?

पहिल्या भागाचे उत्तर थोडक्यात देतो. द्विरुक्ती होत नाही. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाने ‘तर्कसंग्रह’ या न्यायशास्त्राच्या ग्रंथात स्मृतीहून वेगळ्या अशा प्रत्येक ज्ञानाला अनुभव म्हटले आहे आणि यथार्थ अनुभवाचे चार प्रकार केले आहेत : प्रत्यक्ष, अनुमिती (अनुमानाने होणारे ज्ञान), उपमिती (साम्यावरून होणारे) आणि शाब्द (दुसऱ्याच्या सांगण्यावरून होणारे). बाहेरच्या खोलीत बसलेल्या माणसाच्या नाकात मिरचीचा खाट शिरतो, घसा खवखवतो, ठसका लागतो, इथपर्यंत प्रत्यक्ष. ‘फोडणीतली मिरची जळाली’ हे त्याला अनुमानाने कळते, कारण कढई त्याच्या डोळ्यांसमोर नाही. आतून कोणी तसे ओरडून सांगितले तर तेच ज्ञान शाब्द होते. हे तिन्ही अनुभवच आहेत, आणि त्यांतला पहिला वेगळा काढून दाखवायचा तर ‘प्रत्यक्ष’ हे विशेषण लावावेच लागते. मराठीत ‘अनुभव’ या शब्दाचा अर्थ पुष्कळ आकसला आहे हे खरे, पण ‘अनुभवाने सांगतो’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यात पाहिलेल्या गोष्टींपेक्षा ताडलेल्या गोष्टीच अधिक असतात.

या निमित्ताने एका चुकीबद्दल बोलणे भाग आहे, कारण ती सभांच्या इतिवृत्तांत, बातम्यांत आणि चांगल्या लेखकांच्या लेखनातही सतत भेटते. ‘अध्यक्षांच्या अपरोक्ष ठराव संमत झाला’ असे लिहितात आणि लिहिणाऱ्याला म्हणायचे असते, की अध्यक्ष तिथे नव्हते. ‘परोक्ष’ म्हणजे डोळ्यांपलीकडचे. त्याला नकार लावला की ‘अपरोक्ष’ म्हणजे डोळ्यांसमोरचे. वेदान्तात ‘अपरोक्षानुभूती’ म्हणतात ती आत्म्याच्या साक्षात अनुभवाला. तोच शब्द आपण ‘पाठीमागे’ या अर्थाने वापरतो आणि वाक्य अगदी उलटे होऊन बसते. ‘रूढी बलवत्तर’ हे उत्तर मला इथे मान्य नाही, कारण मूळ अर्थही जिवंत आहे, आणि एकच शब्द हजेरी व गैरहजेरी या दोन्हींसाठी चालू ठेवला तर तो कशालाच उपयोगी पडत नाही. त्यातून ‘अध्यक्ष’ या शब्दातही तोच ‘अक्ष’ आहे : ‘अधि’ + ‘अक्ष’, देखरेख ठेवणारा.

हा ‘अक्ष’ म्हणजे फक्त डोळा, असे सांगून अनेक जण थांबतात. ते अपुरे आहे. वैशेषिक दर्शनाचा भाष्यकार प्रशस्तपाद ‘अक्षमक्षं प्रतीत्य’, म्हणजे एकेका ‘अक्षा’च्या आधाराने, उपजणाऱ्या ज्ञानाला प्रत्यक्ष म्हणतो आणि ‘अक्ष’ कोणते तेही मोजून देतो : नाक, जीभ, डोळा, त्वचा, कान आणि मन. खाट डोळ्यांना न दिसताही प्रत्यक्ष ठरतो तो यामुळे. 1872च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम 60मध्येही पाहिलेल्या आणि ऐकलेल्या गोष्टींबरोबर अन्य इंद्रियाने जाणलेली गोष्ट प्रत्यक्ष पुराव्यात धरलेली होती. पण प्रशस्तपादाच्या यादीतले सहावे नाव आपल्या प्रश्नाच्या मुळाशी जाते, आणि तिथे नेणारा रस्ता ‘परोक्ष’ या शब्दातून जातो.

पाणिनीचे सूत्र आहे ‘परोक्षे लिट्’ (3.2.115). बोलणाऱ्याने स्वतः न पाहिलेल्या, आजच्या आधी घडलेल्या गोष्टीसाठी संस्कृतात क्रियापदाचे वेगळे रूप आहे, त्याचे नाव ‘लिट्’ : ‘जगाम’ (गेला), ‘चकार’ (केले), ‘बभूव’ (झाला). आता परोक्ष म्हणजे नेमके किती दूर? पाणिनीच्या सूत्रांवरील ‘महाभाष्या’त पतंजली मते नोंदवतो : कोणी म्हणतात शंभर वर्षांपूर्वीचे, कोणी म्हणतात हजार वर्षांपूर्वीचे, कोणी म्हणतात भिंतीच्या किंवा चटईच्या आडचे, कोणी म्हणतात दोन-तीन दिवसांपूर्वीचे. मग अडचण येते ती प्रथमपुरुषाची, म्हणजे ‘मी’ची. स्वतःची कृती स्वतःला परोक्ष कशी असेल? परंपरेने दिलेले उदाहरण आहे ‘सुप्तोऽहं किल विललाप’. त्याचे मराठी जसेच्या तसे आपण रोज बोलतो : ‘मी झोपेत बडबडत होतो म्हणे.’ हे ‘म्हणे’ ज्याने पहिल्यांदा नीट ऐकले असेल त्याला ‘किल’ वेगळे शिकवावे लागत नाही. मराठीच्या भूतकाळाला हा भेद नाही. ‘राम वनात गेला’ आणि ‘भाऊ बाजारात गेला’ यांतले ‘गेला’ एकच. माझे मत असे, की लिट् प्राकृतात मावळल्यावर जी जागा रिकामी झाली, ती मराठीने या एका अव्ययाने भरून काढली. ‘म्हणे’कडे केवळ अफवेचे चिन्ह म्हणून पाहणाऱ्या व्याकरणकारांनी हे झोपेतले ‘म्हणे’ लक्षात घेतलेले दिसत नाही, कारण तिथे संशय मुळीच नसतो. बडबड मीच केलेली असते, फक्त ती मला परोक्ष असते.

पतंजली एवढ्यावर थांबत नाही. जागा असलेला माणूससुद्धा समोरची गोष्ट जाणत नाही, असे सांगून तो दाखला देतो : वैयाकरणांपैकी शाकटायन रथमार्गावर बसला होता आणि समोरून जाणारा गाड्यांचा तांडा त्याला कळला नाही, ‘शकटसार्थं यान्तं नोपलेभे’. हे ‘उपलेभे’ही लिट्च. कारण दिले आहे तेही स्वच्छ आहे : मनाशी जोडलेली इंद्रियेच जाणू शकतात, आणि मन तिथे नव्हते. हा दाखला योगायोगाने निवडलेला नाही असे मला ठामपणे वाटते. शाकटायन म्हणजे शकटाचा, गाड्याचा, वंशज; ज्याच्या नावातच गाडा आहे त्याला गाडे दिसत नाहीत. शिवाय यास्काच्या ‘निरुक्त’ या शब्दव्युत्पत्तीच्या प्राचीन ग्रंथात हाच शाकटायन ‘सगळी नामे धातूंपासून निघतात’ या मताचा पुरस्कर्ता म्हणून येतो. जो प्रत्येक नामात धातू शोधतो तो रस्त्याच्या कडेला बसून काय करत असेल? पतंजली ते सांगत नाही. पण मन कुठे गेले होते याचे उत्तर मला त्या नावाच्या निवडीतच दिसते. तो शब्दांचा विचार करत होता, आणि शब्द ज्याचा होता ती वस्तू घरघरत समोरून निघून गेली.

म्हणून ‘विचार थांबवा म्हणजे प्रत्यक्ष अनुभव येईल’ असे आज सर्रास सांगितले जाते त्याला माझा आक्षेप आहे. त्या मताला बौद्ध तर्कशास्त्रज्ञ दिङ्नागाचा भक्कम आधार आहे हे मी जाणतो. ‘प्रत्यक्षं कल्पनापोढम्’, वस्तूला नाव आणि प्रकार जोडणाऱ्या कल्पनेपासून मुक्त तेच प्रत्यक्ष, असे तो म्हणतो. दुसऱ्या टोकाला ‘वाक्यपदीय’कार व्याकरणकार भर्तृहरी आहे : शब्दाशिवाय लोकात ज्ञानच नाही, सगळे ज्ञान शब्दाने विणलेले भासते. भर्तृहरीचे म्हणणे शब्दशः घेतले तर नाकात शिरलेला खाट ‘मिरची’ हा शब्द सुचेपर्यंत कळलाच नाही असे म्हणावे लागेल, आणि ठसका तर आधीच लागलेला असतो. दिङ्नागाचे मानले तर ‘हा खाट आहे’ एवढे ओळखताक्षणीच प्रत्यक्ष संपले, आणि साक्षीदाराला साक्षच देता येणार नाही, कारण साक्ष शब्दांतच द्यायची असते. सातव्या शतकातला मीमांसक कुमारिल मला या दोघांहून अधिक पटतो. पहिले ‘आलोचन’, म्हणजे वस्तूची पहिली नुसती जाणीव, लहान मुलाच्या किंवा मुक्याच्या ज्ञानासारखे निर्विकल्प, नाव-प्रकार न जोडलेले, असते, हे तो मान्य करतो. मात्र त्यानंतर तीच वस्तू तिचा प्रकार व गुणधर्म यांसह ठरवणारी बुद्धीही त्याला प्रत्यक्षच वाटते. इंद्रियाचा वस्तूशी संबंध चालू आहे तोवर ओळखणे हे पाहण्याचाच भाग आहे. संबंध तुटून नुसते शब्द उरले की मात्र ती बोलाचीच कढी.

शाकटायनाच्या बाबतीत दोष विचाराचा नव्हता, दिशेचा होता. त्याचे मन गाड्यांबद्दल विचार करत असते तर गाडे त्याला अधिकच नीट दिसले असते : किती बैल, कोणते चाक कुरकुरते, कोणावर ओझे जास्त. गाडीवानाला ते दिसते, आणि ते विचाराविना दिसत नाही.

तेव्हा ‘प्रत्यक्ष अनुभव’ खुशाल लिहावे. जिथे अनुमानही गृहीत आहे तिथे नुसते ‘अनुभव’ लिहावे. आणि अध्यक्ष सभेला नसतील तर ठराव त्यांच्या परोक्ष संमत झाला असे लिहावे, किंवा सरळ ‘त्यांच्या गैरहजेरीत’.