नाव सारखे, रुग्ण वेगळे

प्रश्न : आईच्या तपासणीच्या वेळी तिच्याच नावाच्या दुसऱ्या बाईंचा रक्ताचा अहवाल डॉक्टरांसमोर उघडला गेला आणि औषध बदलण्याची चर्चाही सुरू झाली. आम्ही काय करावे?

उत्तर : रुग्णाची ओळख किमान दोन खुणांनी, उदाहरणार्थ पूर्ण नाव आणि जन्मतारीख यांनी पटवावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्येच सुचवले आहे, खोलीचा क्रमांक ही ओळख नव्हे. ‘तुम्ही अमुकच ना?’ असे विचारल्यावर कमी ऐकू येणारा किंवा घाबरलेला रुग्ण सहज ‘हो’ म्हणून जातो, म्हणून नाव त्याच्याच तोंडून वदवून घ्यायला हवे, आणि कोणी विचारले नाही तर आईंनी ते आपणहून सांगावे. झालेली चूक रुग्णालयाला लेखी कळवा व तो अहवाल आईंच्या नोंदींतून काढल्याची खात्री करून घ्या, कारण पुढचे डॉक्टर त्याच नोंदींवर विसंबतील.