वजनकाट्याच्या आधी शिंप्याची टेप

प्रश्न : वय ४६, उंची १६८ सेंमी, वजन ६७ किलो. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३.७ येतो, म्हणजे मोबाइलवरच्या तक्त्यानुसार 'नॉर्मल'. पँट दहा वर्षं ३४ चीच लागते. तरी कंपनीच्या तपासणीत फॅटी लिव्हर निघालं आणि उपाशीपोटीची साखर ११२. मी लठ्ठ नाही, मग हे कसं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुम्ही पाहिलेल्या तक्त्यात २५ च्या पुढे जास्त वजन आणि ३० च्या पुढे लठ्ठपणा धरलेला असतो. भारतीयांसाठी या रेषा २३ आणि २५ अशा खाली आणल्या आहेत, म्हणजे तुम्ही 'जास्त वजन' या गटात येता. रेषा खाली का आणल्या, याचं बोलकं उदाहरण पुण्याचंच आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काटा फक्त एकूण वजन सांगतो. त्यात स्नायू किती, चरबी किती आणि ती कुठे साठली आहे, हे त्याला कळत नाही.

तुमच्या बाबतीत 'कुठे' हाच प्रश्न महत्त्वाचा आहे. चिमटीत धरता येते ती कातडीखालची चरबी तुलनेने कमी त्रासाची. आतड्यांभोवती साठते ती वाईट, कारण तिथलं रक्त थेट यकृताकडे जातं. त्यातून सुटलेली स्निग्धाम्लं यकृतात साचतात, यकृत इन्शुलिनला दाद देईनासं होतं आणि रात्रभर जास्त साखर रक्तात सोडत राहतं. म्हणून पोट, फॅटी लिव्हर आणि सकाळची वाढलेली साखर ही एकाच दुखण्याची तीन टोकं आहेत.

पँटच्या मापावर विसंबू नका. पोट सुटलं की पँट खाली सरकते आणि ३४ ची ३४ च राहते. माप असं घ्या : शर्ट-बनियन काढून उभे राहा. कुशीत बोटाने शेवटची बरगडी चाचपा, मग कमरेच्या हाडाचं वरचं टोक. दोन्हींच्या बरोबर मध्ये पेनाने खूण करा आणि तिथून टेप फिरवा. टेप अंगाला टेकली पाहिजे, कातडीत रुतता कामा नये. आरशात बाजूने बघा, कारण पाठीमागे ती हमखास खाली घसरते आणि माप चुकतं. श्वास नेहमीसारखा सोडा आणि आकडा वाचा. पोट आत ओढू नका. दोनदा मोजा. टेप जुनी असेल तर आधी पट्टीशी ताडून पाहा, कापडी टेप वापरून ताणली जाते.

पुरुषांत ९० सेंमी आणि बायकांत ८० सेंमी ही धोक्याची रेषा. याशिवाय कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी, म्हणजे तुमची ८४ च्या आत. मानेवर मळासारखा काळपट, जाडसर पट्टा दिसत असेल आणि घासून जात नसेल तर तो मळ नाही, इन्शुलिन वाढल्याची ती खूण असते.

आता डॉक्टरांकडून तीन महिन्यांची साखर (एचबीएवनसी), ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आणि रक्तदाब तपासून घ्या. तुम्हाला पंधरा किलो उतरवायचे नाहीत. वजनाच्या ५ ते ७ टक्के, म्हणजे साडेतीन ते साडेचार किलो उतरले तरी यकृतातली चरबी आणि साखर दोन्ही खाली येऊ लागतात. जोडीला आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं हवं. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतका वेग ठेवा.

प्रश्न : सोमवार, गुरुवार आणि चतुर्थी असे उपास करते. तरी वजन वाढतंच आहे.
– एक वाचिका, नाशिक

उत्तर : उपासाला ताटात काय येतं ते पाहू. साबुदाण्याच्या खिचडीच्या एका भरल्या बशीत साधारण ६० ग्रॅम कोरडा साबुदाणा, ३० ग्रॅम दाण्याचं कूट, दीड मोठा चमचा तूप आणि अर्धा बटाटा जातो. हे सुमारे ६०० कॅलरी झाले. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, प्रथिनं नावालाच, म्हणून दोन तासांत पुन्हा भूक लागते आणि वेफर्सचा डबा उघडतो. उपास सोडू नका, ताट बदला. भगर एक वाटीच, दाण्याची आमटी पातळ, काकडीची कोशिंबीर आणि दही किंवा ताक भरपूर.

उरलेल्या दिवसांचं गणित तेलाच्या किटलीत आहे. चौघांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागत असेल, तर माणशी रोज २७० कॅलरी तेलातूनच जातात. एक तारखेला दोन लिटर तेल वेगळ्या बरणीत काढा. महिना त्यातच भागवायचा. किटलीतून थेट कढईत ओतायचं नाही, फोडणी चहाच्या चमच्याने मोजून.

प्रश्न : थायरॉइडमुळे माझं वजन २० किलो वाढलं. गोळी घेऊनही उतरत नाही.
– एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : थायरॉइड मंदावल्याने सहसा थोडे किलोच वाढतात, आणि त्यातही बरंचसं पाणी आणि मीठ असतं. वीस किलोंचं कारण दुसरीकडे शोधावं लागेल. स्टेरॉइड किंवा मानसिक आजारावरच्या काही गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, मनाने बंद करू नका. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर, चहाच्या किमान अर्धा तास आधी घ्या. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तिच्यानंतर चार तासांनी.

प्रश्न : भात-पोळी बंद केली. पहिल्या आठवड्यात तीन किलो उतरले, मग काटा हलेना. गुडघेही दुखतात.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ते तीन किलो बहुतेक पाणी होतं. स्नायूंत आणि यकृतात साखरेचा जो साठा असतो, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. साठा रिकामा झाला की पाणीही जातं. खरी चरबी आठवड्याला अर्धा किलो उतरली तरी चांगली गती समजा. फार कमी खाल्लं तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, पित्ताशयात खडे होऊ शकतात आणि खाणं पूर्ववत झालं की वजन परततं. ते परततं चरबीच्या रूपात.

एक वाटी भात किंवा दोन पोळ्या परत सुरू करा, पण प्रत्येक जेवणात घट्ट वरण, मटकीची उसळ, अंडी, मासे किंवा दही यांपैकी काहीतरी हवंच. गुडघ्यांसाठी एवढं लक्षात ठेवा : एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार कमी होतो. स्नायू टिकवायला बिनहाताच्या खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. दुखत असेल तर खुर्चीवर जाड उशी ठेवून सुरुवात करा आणि दोन आठवड्यांनी उशी काढा.