खोपोलीला पहिल्यांदाच निघताय? जुन्या हायवेनेच जा

नवी मुंबईहून बाईकने निघत असाल तर कळंबोलीला एक्स्प्रेसवेवर चढू नका, तिथे दुचाकीला बंदी आहे. पनवेल, चौक करत जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने जा. ठाण्याहून निघणाऱ्यांना खोपोली लोकल आहे, पण गाड्या मोजक्याच. परतीची वेळ आधी बघून ठेवा.

बहुतेक जण वडापाव खाऊन पुढे लोणावळा गाठतात. तसं करू नका हो. नाना फडणवीसांनी बांधलेल्या तळ्याच्या पायऱ्यांवर निवांत बसा, काठावरच्या महादेवाचं दर्शन घ्या. मग मान वर करून डोंगराकडे बघा: लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी खाली वीजकेंद्राकडे आणणारे टाटांचे जाडजूड पाइप दिसतील. 1915 साली इथल्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. मला खोपोलीतलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

गाडीत दम असेल तर घाटात शिंग्रोबाच्या देवळापर्यंत चढा. इंग्रजांना बोरघाटाची वाट दाखवणारा धनगर, अशी त्याची कथा सांगतात. ड्रायव्हर आजही तिथे नाणं वाहतात. घाटरस्ता 1830 चा, वळणं अवघड. पावसाळ्यात धुकं उतरलं तर सरळ मागे फिरा.